फास्ट फूडच्या गाळ्याची तपासणी-फाईल: रोजच्या नोंदींपासून अहवालाच्या उत्तरापर्यंत

तारीख होती १८. फ्रिजच्या दाराला चिकटवलेल्या तक्त्यात मात्र २३ तारखेपर्यंतचे आकडे भरलेले होते. सगळे ४ अंश, सगळे एकाच पेनानं, एकाच हातानं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी तो तक्ता पाहिला आणि शेजारी ठेवलेली जाडजूड फाईल न उघडताच बाजूला सरकवली. तो गाळा माझ्या देखरेखीखाली होता. फ्रिज त्या दिवशी खरोखरच ४ अंशांवर होता, पण ते सांगणाऱ्या कागदावर विश्वास ठेवायला आता कुणी तयार नव्हतं.

त्यानंतर मी बरीच फास्ट फूडची स्वयंपाकघरं पाहिली. वडापाव, बर्गर, फ्रँकी, चायनीज, मोमो. चुका त्याच त्याच दिसतात. फाईल एजंटकडून तयार विकत घेतलेली असते. नोंदी आठवड्यातून एकदा बसून भरतात. आणि तपासणी झाल्यावर हातात आलेला अहवाल गल्ल्याच्या खणात जातो, तो पुढच्या तपासणीपर्यंत तिथंच राहतो. म्हणून हे टप्पे लिहितो आहे. कायदा देशभर एकच आहे, अन्न सुरक्षा व मानदे कायदा, २००६. कार्यालयांची आणि पदांची नावं महाराष्ट्रातली, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची दिली आहेत.

## सुरुवातीआधी हाताशी काय हवं

- टोक असलेला डिजिटल थर्मामीटर, पदार्थाच्या आत खुपसता येईल असा. फ्रिजच्या दारावरचा आकडा पुरत नाही.
- बांधीव वह्या. सुट्या कागदांवर रोजच्या नोंदी ठेवू नका. पान फाडलं तर दिसलं पाहिजे.
- एक रिंग फाईल आणि आठ-दहा विभाजक.
- दर पाळीत नोंद करणारा एक माणूस, नावानिशी ठरवलेला. «सगळ्यांनी लिहायचं» असं ठरलं की कुणीच लिहीत नाही.

थर्मामीटर आणल्यावर आधी तो बरोबर आहे का ते पाहा. बर्फाचा चुरा पेल्यात गच्च भरा, वर थोडं पाणी घाला, ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि टोक मधोमध धरा. ० अंश दिसायला हवं. उकळत्या पाण्यानंही तपासता येतं, पण पाणी मुंबईत जवळपास १०० अंशांना उकळत असलं तरी पुण्याच्या उंचीवर साधारण ९८ लाच उकळतं, आणि महाबळेश्वरला त्याहून खाली. त्यामुळे चांगल्या थर्मामीटरवर उगाच संशय येतो. बर्फाची रीत सगळीकडे सारखी चालते. महिन्यातून एकदा करा आणि तारखेसह वहीत लिहा.

## टप्पा १: परवाना वाचा आणि लॉगिन आपल्या ताब्यात घ्या

अन्न सुरक्षा कायद्याखालचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, वाचलेला नसतो. खाली उतरवा आणि चार गोष्टी पाहा: नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार, मुदत.

क्रमांक १४ अंकी असतो. १ ने सुरू होत असेल तर तो परवाना, २ ने सुरू होत असेल तर नोंदणी. छोट्या व्यवसायाला नोंदणी पुरते, उलाढाल वाढली की परवाना लागतो. ही वाढ मालकाच्या लक्षात येते, कागदावर मात्र येत नाही. दुसरी नेहमीची गफलत पत्त्याची. गाळा शेजारच्या इमारतीत हलवला, किंवा मागे वेगळं तयारीघर घेतलं, आणि परवान्यावर जुनीच जागा राहिली. नव्या जागेत सगळं लखलखीत असलं तरी कागदाच्या दृष्टीनं तिथला व्यवसाय विनापरवाना ठरतो.

आता लॉगिन. परवान्याचं सगळं काम फॉस्कॉस या ऑनलाइन प्रणालीवर होतं. एजंटानं अर्ज भरताना स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ई-मेल टाकलेला असतो. त्यामुळे ओटीपी, सूचना आणि नोटिशीचा निरोपसुद्धा त्याच्याकडे जातो. त्यानं नंबर बदलला किंवा धंदा सोडला की तुम्हाला काही कळायचा मार्गच उरत नाही. उत्तराची मुदत उलटून गेल्यावर मालकाला पहिल्यांदा नोटीस कळली, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. आजच लॉगिन उघडा आणि संपर्काच्या रकान्यात मालकाचा मोबाइल आणि व्यवसायाचा ई-मेल येईल असं पाहा. एजंटाची मदत घ्यायला हरकत नाही, चावी मात्र आपल्याकडे हवी.

इथं थांबून पाहा: परवाना क्रमांक बिलावर छापलेला आहे का? १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. बिलाचं मशीन बदललं की हा आकडा हमखास गळतो.

महापालिकेचे कागद वेगळे असतात. मुंबईत कलम ३९४ खालचा आरोग्य परवाना, इतर शहरांत त्या त्या महापालिकेचा, शिवाय अग्निशमनाचा दाखला आणि दुकान नोंदणी. ते फाईलच्या शेवटच्या कप्प्यात ठेवा, या नोंदींत मिसळू नका.

## टप्पा २: फाईलचे कप्पे लावा

अधिकारी ज्या क्रमानं विचारतात तोच क्रम ठेवला की शोधाशोध होत नाही:

१. परवाना आणि जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा कागद
२. मागच्या तपासण्यांचे अहवाल, आपली उत्तरं, पोच
३. कामगारांचे वैद्यकीय दाखले आणि प्रशिक्षण प्रमाणपत्रं
४. पाण्याचे अहवाल, टाकी धुतल्याच्या नोंदी
५. कीड नियंत्रण
६. पुरवठादारांची यादी आणि बिलं
७. तेलाच्या नोंदी
८. स्वच्छतेचं वेळापत्रक, यंत्रांची दुरुस्ती
९. ग्राहकांच्या तक्रारी आणि त्यावर काय केलं

रोजच्या तापमानाची वही फाईलमध्ये घालू नका. ती फ्रिजजवळ, ओट्याजवळ, दोरीला बांधलेल्या पेनासह टांगलेली असावी. कार्यालयाच्या कपाटात बंद असलेली वही रोज भरली जात नाही.

## टप्पा ३: रोजच्या नोंदी

सगळ्या फाईलचा जीव इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

नोंद म्हणजे खूण नव्हे. «बरोबर» अशी टिक कुणीही करू शकतो. नोंदीत वेळ, आकडा आणि लिहिणाऱ्याचं नाव हवं. आकडा बिघडलेला असेल तर त्यावर काय केलं तेही हवं. नमुन्यादाखल दोन ओळी देतो:

*१४ जून, सकाळी ८:१०, उभा फ्रिज: ४ अंश. — सचिन*
*१४ जून, दुपारी ३:४०, उभा फ्रिज: ९ अंश. दाराचं रबर निसटलं होतं. चिकन आणि मेयोनेज दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवलं. ५:१५ ला पुन्हा पाहिलं, ५ अंश. — रेश्मा*

दुसरी ओळ लिहायला माणसं घाबरतात. «साहेबांना ९ दिसलं तर?» दिसू द्या. बिघाड झाला, कुणीतरी पाहिला, माल हलवला, पुन्हा मोजलं. एवढ्या गोष्टी त्या ओळीत आहेत. महिनाभर ४, ४, ४ असा तक्ता पाहून अनुभवी अधिकाऱ्याला लगेच कळतं की इथं कुणी मोजतच नाही.

मोजायचे आकडे. फ्रिज ५ अंश किंवा खाली. डीप फ्रीझर उणे १८. गरम ठेवायचा पदार्थ शाकाहारी असेल तर ६५ अंश किंवा वर, मांसाहारी असेल तर ७० किंवा वर. मांसाहारी पदार्थ आतल्या भागात ७० अंशांवर २ मिनिटं किंवा ७५ अंशांवर १५ सेकंद, शाकाहारी ६५ अंशांवर २ मिनिटं. परत गरम करताना आतलं तापमान ७५ अंशांवर जाऊन २ मिनिटं तिथंच राहायला हवं. गरम पाणी ओतून किंवा दिव्याखाली ठेवून गरम केलेलं चालत नाही. टोक कुठं खुपसायचं ते कामगाराला दाखवून शिकवा: पॅटीच्या जाड भागाच्या मधोमध, तव्याला न टेकवता.

थंड करणं. फास्ट फूडच्या गाळ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं होतं. दुपारी उकडलेले नूडल्स आणि भात मोठ्या पातेल्यात झाकून संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहतात. वड्याच्या बटाट्याच्या भाजीचंही तेच. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते पुन्हा वाढतात, आणि त्यांचं उलट्या घडवणारं विष नंतर कढईत परतूनही जात नाही. म्हणून «फ्राय करतो ना परत» हे उत्तर चुकीचं आहे. नियम असा: ६० अंशांवरून २१ अंशांवर २ तासांच्या आत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या २ तासांत. पातेलं तसंच ठेवलं तर हे जमत नाही. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर करा, पंख्याखाली नाही तर बर्फाच्या पाण्यावर ठेवा. वहीत तीन गोष्टी लिहा: शिजवल्याची वेळ, २ तासांनंतरचा आकडा, फ्रिजमध्ये गेल्याची वेळ.

विरघळवणं. गोठलेलं चिकन सकाळी ओट्यावर काढून ठेवायची सवय मोडा. फ्रिजमध्ये ५ अंशांवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, दोनच रीती. डब्यावर बाहेर काढल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी हवी. एकदा विरघळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

तेल. तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांहून जास्त झाली की ते तेल वापरता येत नाही. ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोजायला मीटर मिळतो, पट्ट्याही मिळतात. रोज ५० लिटरहून जास्त तेल लागत असेल तर नोंद ठेवणं आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच देणं बंधनकारक आहे. त्याहून कमी लागत असेल तरी नोंद ठेवाच, असा माझा आग्रह आहे. रकाने चारच: कढईत नवं तेल घातलं किती, मध्ये भर घातली किती, मोजमाप किती आलं, काढलेलं तेल कुठं गेलं. हा चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो. काळं झालेलं तेल छोट्या गाडीवाल्याला स्वस्तात विकलं जातं आणि ते पुन्हा कुणाच्यातरी पोटात जातं. संकलकाची पावती या रकान्याला जोडा.

इशारा: खाडाखोड करू नका, व्हाइटनर तर मुळीच नको. आकडा चुकला तर एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही करा. आणि नोंद राहून गेली तर «नोंद राहिली» असंच लिहा. रिकामी जागा अंदाजानं भरली की अख्खी वही संशयात येते.

## टप्पा ४: माणसांचे कागद

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. दाखल्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा आणि आतड्यांच्या आजारांविरुद्धचं लसीकरण, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः टायफॉइडची लस, यांचा उल्लेख हवा. खाली नोंदणीकृत डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक.

एकाच दिवशी, एकाच शाईत, १२ जणांचे दाखले आणि त्यातले ५ जण मस्टरवरच नाहीत, हे चित्र फार पाहायला मिळतं. आपल्या धंद्यात कारागीर दोन-तीन महिन्यांत बदलतात. वर्षातून एकदा सगळ्यांना घेऊन दवाखान्यात जाण्यानं भागत नाही. नवा माणूस आला की पहिल्या पाळीच्या आधी दाखला, असा नियम करा. मस्टर आणि दाखल्यांची यादी दर महिन्याच्या १ तारखेला शेजारी ठेवून नावं जुळवा. भांडी घासणारा आणि डिलिव्हरीसाठी पार्सल बांधणाराही त्यात येतो.

आजारपणाची एक छोटी वही वेगळी ठेवा. जुलाब, उलटी, कावीळ, ताप, घशात दुखून आलेला ताप, हातावरची पिकलेली जखम, कानातून किंवा डोळ्यातून येणारा स्राव. यातलं काही असेल तर कामगारानं सांगायचं आणि अन्नापासून दूर राहायचं. इथं मालकांना एक कळकळीची विनंती: त्या दिवसाचा पगार कापू नका. रोज बुडणार असेल तर पोरगा जुलाब लपवून ओट्यावर उभा राहील. वही कोरी राहील आणि ग्राहक आजारी पडतील.

प्रशिक्षणाचं: दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक फॉस्टॅक (अन्न सुरक्षेची सरकारी प्रशिक्षण योजना) प्रशिक्षित पर्यवेक्षक. प्रमाणपत्रावरची मुदत पाहा. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर त्याचं प्रमाणपत्र फाईलमध्ये ठेवून उपयोग नाही.

इथं थांबून पाहा: आत्ता कामावर असलेल्या कुणाही एकाचं नाव घ्या. त्याचा दाखला एका मिनिटात सापडतो का?

## टप्पा ५: पाणी, बर्फ, कीड

पाण्याची चाचणी दर सहा महिन्यांनी, आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. नमुना स्वयंपाकघरातल्या नळाचा घ्या. «महापालिकेचं पाणी आहे, चाचणी कशाला?» असं विचारलं जातं. पण महापालिकेचं पाणी इमारतीच्या टाकीतून येतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच टाकीत टँकर रिकामा होतो. टँकर सुरू असेल तर त्या काळात एक जादा चाचणी करून घ्या. टाकी धुतल्याची तारीख आणि कुणी धुतली ते लिहा. बर्फ विकत घेत असाल तर तो खाण्याचा असल्याचं बिलावर दिसलं पाहिजे.

कीड नियंत्रणाचं नुसतं बिल पुरत नाही. कोणतं औषध, कुठं मारलं, काय आढळलं, पुढची फेरी कधी, हे लिहिलेला सेवा अहवाल मागा आणि एजन्सीच्या परवान्याची प्रत जोडा. दोन फेऱ्यांमध्ये झुरळ किंवा उंदराची लेंडी दिसली तर तेही लिहायचं, तारीख घालून.

## टप्पा ६: माल कुठून आला

माल फक्त परवाना किंवा नोंदणी असलेल्याकडूनच घ्यायचा, आणि त्याची नोंद ठेवायची, ही परवान्याची अटच आहे. पुरवठादारांची यादी करा: नाव, काय देतो, १४ अंकी क्रमांक, मुदत. पाववाला आणि चिकनवाला या यादीतून हमखास सुटतात, कारण ते रोजचे, ओळखीचे आणि रोखीचे. त्यांच्याकडूनही क्रमांक असलेलं बिल घ्या.

पनीर, चीज, मेयोनेज यांच्या पाकिटावरचं लेबल नीट वाचा आणि त्याचा फोटो फाईलमध्ये ठेवा. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचं बनवलेलं असेल तर ते चीज किंवा पनीर नव्हे, आणि मेनूवर तसं लिहिता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात एका मोठ्या बर्गर साखळीच्या पदार्थांतल्या «चीज» या शब्दावरूनच वाद झाला होता. मेनू कार्ड, फलक आणि ऑनलाइन ऑर्डरच्या ॲपवरची नावं, तिन्ही ठिकाणं लेबलाशी जुळवा. ॲपवरचा मेनू बदलायचा राहून जातो.

माल उतरवून घेताना गोठलेल्या मालाचं तापमान मोजा, बिलाच्या मागे लिहा. परत पाठवलेल्या मालाचीही नोंद ठेवा.

## टप्पा ७: आधी आपणच आपली तपासणी करा

उपाहारगृहांसाठीची तपासणी-सूची एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, जाहीर केलेली आहे. एकूण गुण ११४. काही प्रश्नांपुढे तारा असतो. ताऱ्याच्या एखाद्या प्रश्नात नापास झालात, तर बाकीचे गुण कितीही असोत, निकाल प्रतिकूल लागतो. म्हणून सूची हातात आली की आधी फक्त ताऱ्याचे प्रश्न रंगवा आणि तेवढेच पाहा. मग बाकीचे.

तीन महिन्यांतून एकदा, गर्दीच्या वेळी करा. सकाळी दहा वाजता, ओटा नुकताच पुसलेला असताना, सगळं छानच दिसतं. संध्याकाळी सात वाजता हात धुवायच्या बेसिनमध्ये भांडी ठेवलेली असतात, साबण संपलेला असतो, कच्चं चिकन आणि कोबी एकाच पाटावर कापले जातात आणि वडे वर्तमानपत्रात बांधले जातात. २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. दुसऱ्या शाखेचा व्यवस्थापक बोलावता आला तर उत्तम, कारण आपल्या डोळ्यांना आपल्या भिंतीवरचा तेलकट थर दिसायचा थांबलेला असतो.

आढळलेल्या त्रुटी लिहा, समोर नाव आणि तारीख टाका, आणि दुरुस्त झाल्यावर फोटो लावा. स्वतः केलेली ही तपासणी फाईलमध्ये दिसणं हाही सूचीतला एक मुद्दा आहे.

## टप्पा ८: तपासणीचा दिवस

अधिकारी न कळवता येऊ शकतात, कायद्यानं त्यांना तो अधिकार आहे. अडवू नका, बसवून ठेवू नका, मागच्या दारानं माल किंवा माणसं हलवू नका.

क्रम असा ठेवा:

१. ओळखपत्र पाहा. नाव, पद आणि आल्याची वेळ आपल्या वहीत लिहा. यात उद्धटपणा काही नाही.
२. टोपी, ॲप्रन द्या, हात धुवायची जागा दाखवा.
३. एक जबाबदार माणूस पूर्ण वेळ सोबत फिरू द्या. जे जे बोट दाखवून सांगितलं जाईल ते त्यानं तिथल्या तिथं लिहावं आणि फोटो काढावा.
४. विचारलं तेवढंच, खरं सांगा. माहीत नसेल तर «पाहून सांगतो» म्हणा. मालकाला फोन लागत नाही म्हणून कारागिरानं ठोकून दिलेलं उत्तर नंतर महागात पडतं.
५. अहवाल पूर्ण वाचून मग सही. कोऱ्या रकान्यांवर सही नाही. एखादा मुद्दा मान्य नसेल तर सहीशेजारी थोडक्यात तसं लिहा. प्रत घ्या.

तपासणीच्या जागी रोख भरायचं कोणतंही शुल्क नसतं.

नमुना घेतला तर. लेखी सूचना मिळते (फॉर्म ५-ए). नमुन्याचे चार भाग करून सीलबंद केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (आपल्याकडे सहसा सहायक आयुक्त, अन्न) राहतात. चौथा भाग तुमच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी विनंती तुम्ही करू शकता. ती त्याच वेळी, लेखी करा. बहुतेकांना हा हक्क ठाऊकच नसतो. नमुन्याची नेहमीची विक्री किंमत तुम्हाला मिळायला हवी, तिचं बिल करा. त्याच घाण्यातल्या पदार्थाची तारीख, वेळ, कच्च्या मालाचं बिल आणि तापमानाची नोंद लगेच एका जागी काढून ठेवा. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत येणं अपेक्षित असतं. तो विरोधात गेला तर हातात आल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अहवाल ज्या दिवशी मिळाला तो दिवस पाकिटावरच लिहून ठेवा, कारण मुदत तिथून मोजतात.

## टप्पा ९: अहवाल हातात आल्यावर

आधी कागद कोणता आहे ते ओळखा. तपासणी अहवाल अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा असतो. सुधारणा नोटीस वेगळी. ती कलम ३२ खाली पदनिर्देशित अधिकारी काढतात. नोटिशीत कारणं, करायच्या सुधारणा आणि मुदत लिहिलेली असते. ही मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो आणि पुढे रद्दही. नोटीस अन्यायाची वाटत असेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील आहे, त्याला १५ दिवस किंवा नोटिशीतली मुदत, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे पहिला आठवडा विचारात घालवायला वेळ नाही. अस्वच्छतेसाठी एक लाख रुपयांपर्यंत आणि अधिकाऱ्यांनी दिलेल्या निर्देशांचं पालन न केल्यास दोन लाखांपर्यंत दंड कायद्यात आहे. मूळ त्रुटीपेक्षा तिच्याकडे केलेलं दुर्लक्ष महाग पडतं, ते असं.

आता उत्तर. «सर्व त्रुटी दूर केल्या आहेत, यापुढे काळजी घेऊ» हे उत्तर निरुपयोगी आहे, आणि सर्वाधिक हेच पाठवलं जातं. मुद्देवार लिहा. अहवालातली ओळ जशीच्या तशी उतरवा, मग खाली:

*मुद्दा ३: फ्रायरवरील एक्झॉस्टला तेलाचा थर.*
*कारण: सफाई महिन्यातून एकदाच होत होती, जबाबदारी कुणाच्या नावावर नव्हती.*
*केलेली कृती: २० जूनला जाळी काढून धुतली. फोटो आधीचा आणि नंतरचा, सोबत.*
*पुढे: दर सोमवारी रात्रपाळीनंतर सफाई. स्वच्छतेच्या तक्त्यात नोंद, तक्त्याची प्रत सोबत.*

कारणाची ओळ गाळू नका. कारण सापडलं नसेल तर दुरुस्ती म्हणजे फक्त एकदा धुणं, आणि दीड महिन्यानं थर परत येतो. एखादं काम मुदतीत होणारच नसेल, समजा फरशी बदलायची आहे, तर मुदत संपण्याआधीच लेखी वेळ मागा. कारागिराचं अंदाजपत्रक जोडा आणि तोवर काय तात्पुरती सोय केली ते सांगा.

इशारा: फोटोवर तारीख हवी आणि जागा तीच दिसली पाहिजे. दुसऱ्या शाखेतल्या स्वच्छ एक्झॉस्टचा फोटो लावल्याचं पुन्हा तपासणीला आलेल्या माणसाला लगेच कळतं.

उत्तर ऑनलाइन पाठवलं तर पोच छापून घ्या, कार्यालयात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अहवाल, उत्तर आणि पोच, तिन्ही एकत्र टाचून कप्पा २ मध्ये.

## टप्पा १०: काय ठेवायचं, किती दिवस

रोजच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या. भरलेल्या वहीच्या पाठीवर «पासून-पर्यंत» तारखा लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. फ्रायरच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या वह्यांची पानं तेलानं चिकटतात. शाई पुसट होणाऱ्या थर्मल बिलांचे फोटो काढून ठेवा. तपासणी अहवाल आणि त्यांची उत्तरं मात्र टाकून देऊ नका. जागा तुमच्याकडे आहे तोवर ती ठेवा, कारण तोच मुद्दा दुसऱ्यांदा आला तर पहिल्या वेळी काय केलं होतं हे तिथंच सापडतं.

व्यवस्थापक बदलताना फाईल, चालू वह्या, थर्मामीटर आणि फॉस्कॉसचं लॉगिन यांचा ताबा लेखी द्या-घ्या. नव्या व्यवस्थापकानं पहिल्या दिवशी मागच्या अहवालातला प्रत्येक मुद्दा जागेवर जाऊन पाहावा, आणि पाहिल्याची तारीख त्याच कागदावर, आपल्या सहीनं लिहावी.